बिऱ्हाड आई-बापाचं, बाक पोराचा

कोल्हापूर शहराच्या उत्तरेला, पंचगंगेच्या अंगाला कसबा बावडा आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना इथेच आहे आणि डी. वाय. पाटील समूहाची अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयंही इथेच. त्यामुळे गळीत हंगाम सुरू झाला की बावड्याच्या पंचक्रोशीत परगावची पोरं दोन तऱ्हेची दिसतात. काही पोरं फी भरून, वसतिगृहात खोली घेऊन डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली असतात. काही आई-बापाबरोबर, भांडीकुंडी आणि चिपाडाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध बसून ऊसतोडीला आलेली असतात. दोघांच्याही घरी बोलणं एकच होतं: आमच्यासारखे दिवस तुझ्या वाट्याला येऊ नयेत. पण या बोलण्याचं पुढे काय होतं, ते पोराची हुशारी आणि बापाची तळमळ एवढ्यावरच ठरत नाही.

पोटासाठी गाव सोडलेल्या आई-बापांची मुलं हा विषय निघाला की आपल्याकडे पहिल्यांदा अमेरिका आठवते. खरं तर हा आपल्या शिवारातला प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेने देशातल्या देशात स्थलांतर केलेल्यांची संख्या ४५ कोटींवर मोजली. लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका त्यात मोठ्या संख्येने आहेत हे खरं. तरी पोटासाठी हललेली कुटुंबंही कोट्यवधी उरतात. त्यांची मुलं कशाच्या ओझ्याखाली वाढतात, कशाच्या बळावर उभी राहतात आणि कुठे अडतात, याचा हा आढावा.

उचल फिटेपर्यंत

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात उतरतात. राज्यात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. (कोल्हापूरच्या डोंगरी तालुक्यांतल्या स्थानिक टोळ्या वेगळ्या.) या धंद्यात माणूस एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच त्या कोयत्याला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. ती आजारपणात, लग्नात नाहीतर आधीच्या कर्जात संपते आणि मग हंगामभर टनावर फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याची रक्कम अंगावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण मोजणी टनावर आणि उचल आगाऊ, ही चौकट तशीच राहिली.

पोराच्या आयुष्याचं वेळापत्रक या चौकटीतूनच ठरतं. शाळा जूनमध्ये सुरू होते. पहिलं सत्र कसंबसं संपतं, दिवाळी होते आणि टोळी निघते. परत यायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल. म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मूल गावात हजर, आणि मधला सगळा अभ्यास गायब. फडावर आई-बाप पहाटेच्या अंधारात जातात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहिलेलं आठ-दहा वर्षांचं पोर पाणी भरतं, धाकट्याला सांभाळतं, भाकरी राखतं. थोडं मोठं झालं की मोळ्या बांधायला आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला लागतं. बैलांना घालून उरलेलं वाढं विकलं की रोजचं मीठ-तेल सुटतं. ‘लेकराला कामाला लावलं’ असं आई-बाप म्हणत नाहीत, आणि ते खोटंही बोलत नसतात. उक्त्या कामात घरातला प्रत्येक हात आपोआपच मोजला जातो.

इथे पोरावर येणारा दबाव परीक्षेतल्या मार्कांचा नसतो. आपल्यामुळे आईचा खाडा पडू नये, आपल्या आजारपणाने उचल वाढू नये, हा हिशेब त्याला पाढ्यांच्या आधी येतो. टनाचा आकडा, मुकादमाच्या वहीतली नोंद, कारखान्याची पावती हे वाचणारं घरातलं पहिलं माणूस पुष्कळदा तेच असतं. चौथी-पाचवीतली मुलगी बापाला पावती वाचून दाखवते, तेव्हा तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: अक्षराला किंमत आहे, आणि आपला बाप फसवला जाऊ शकतो. उमेद आणि धास्ती अशी एकाच कागदावरून तिच्याकडे येतात.

मुलींच्या बाबतीत हे ओझं आणखी वेगळं आहे. बारा-तेरा वर्षांची मुलगी गावी ठेवावी तर राखायला कोण, आणि फडावर न्यावी तर उघड्या माळावरच्या कोपीला दार नाही. या पेचातून आई-बापांना सोपी वाटणारी वाट म्हणजे लग्न. लग्न झालं की जबाबदारी सरते, आणि नवं जोडपं म्हणजे नवा कोयता, नवी उचल. ऊसतोडीच्या पट्ट्यात बालविवाह टिकून आहेत ते केवळ रूढीच्या जोरावर नव्हे. मजुरीची ही पद्धतच त्यांना पाणी घालते. कायद्याने मुलीचं लग्नाचं वय अठरा आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. अठरापर्यंत ती कुठे राहील, याचं उत्तर मात्र कोणाकडे नसतं.

जी मुलं गावी आजी-आजोबांपाशी राहतात त्यांचं बरं चालतं, असा समज आहे. शाळा सुटत नाही, एवढ्यापुरता तो खरा. पण सहा महिने आई-बाप फोनवर, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं आणि शेरडं-करडं पोराच्या गळ्यात. चांगलं शिकायचं तर आई-बापापासून तुटायचं, आणि त्यांच्याजवळ राहायचं तर शाळेपासून तुटायचं, अशी निवड दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवणारी दुसरी कुठली रीत आपल्याकडे असेल असं वाटत नाही.

वीटभट्टी, फाउंड्री, माग

कोल्हापूरकडे येणारे फक्त ऊसतोडवाले नाहीत. जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर उत्तर कर्नाटकातली कुटुंबं राबतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांमध्ये आणि इचलकरंजीच्या मागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. यातले बरेच आता बायकामुलांसह स्थायिक झालेत. त्यांची मुलं महापालिकेच्या, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत बसतात. घरी कानडी किंवा भोजपुरी, गल्लीत कोल्हापुरी, वहीत प्रमाण मराठी. ही मुलं वर्षभरात रांगडी मराठी बोलू लागतात आणि मग घरचा दुभाषा होतात. दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरला तीच सांगतात, घरमालकाशी भाड्याची घासाघीसही तीच करतात.

जगभरच्या अभ्यासकांनी या दुभाष्या पोरांकडे पुष्कळ लक्ष दिलं आहे. आलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत यांनी अमेरिकेत मायामी आणि सॅन डिएगो भागांतल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा १९९२ पासून मागोवा घेतला. त्यांच्या मांडणीतला एक धागा आपल्याला कामाचा आहे. मूल नव्या भाषेत भराभर पुढे जातं आणि आई-बाप मागे राहतात, तेव्हा घरातली वडीलकी उलटी होते. निर्णय पोराच्या तोंडून होऊ लागतात आणि धाक ओसरतो. त्याउलट जिथे मूल नवी भाषा शिकतं पण घरची सोडत नाही, आणि आसपास आपल्या माणसांचा गोतावळा असतो, तिथे आई-बापांच्या कष्टाचं बळ पोरापर्यंत पोचतं. शिरोलीत किंवा इचलकरंजीत हिंदी बोलणाऱ्या पोराला ‘आधी मराठी नीट बोल’ म्हणून दटावताना हे लक्षात ठेवायला हवं. त्याला मराठी आलीच पाहिजे. पण घरची बोली त्याला लाजिरवाणी वाटू लागली, तर आई-बापाचा शब्दही हलका होतो.

वळिवडे ते विटा

बिऱ्हाड घेऊन आलेल्यांची मुलं या भागाने यापूर्वीही पाहिली आहेत. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. घरदार गेलेलं, कित्येकांचे वडील युद्धावर किंवा बेपत्ता. तरी त्या छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. ती मुलं पुढे जगभर विखुरली, तरी म्हातारपणी कोल्हापूर पाहायला परत येत राहिली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभं राहिलं. आज दक्षिण महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या कापडाच्या घाऊक व्यापाराचं ते मोठं ठाणं आहे. तिथल्या पहिल्या पिढीच्या मुलांवरही घर सावरण्याचा दबाव होताच. पण हे दोन्ही लोंढे एका जागी टिकले. बिऱ्हाड दर सहा महिन्यांनी हललं नाही.

उलट दिशेनेही आपली माणसं गेली. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपासच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तामिळनाडूपासून देशभर पोचले. दुष्काळी गावातून दहावी झालेला पोरगा काकाच्या नाहीतर मामाच्या दुकानात परमुलखात जायचा, भट्टीपुढे बसून कसब शिकायचा आणि यथावकाश स्वतःचं दुकान टाकायचा. त्यांच्या मुलांची शाळा हा घरोघरी वादाचा विषय. तिथेच ठेवावं तर मराठी सुटते, विट्याला आजीकडे पाठवावं तर आई-बाप सुटतात. पैसा असूनही पेच तोच, फक्त कोयत्याच्या पोरापेक्षा निवडायला वाव जास्त.

मुंबईचं स्थलांतर तर मराठी साहित्यालाच घडवून गेलं. नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक १९९३ मध्ये आलं. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरहून मुंबईत आलेल्या बापाची आणि त्याच्या शिकलेल्या लेकरांची ती कहाणी. लेखक स्वतः पुढे अर्थतज्ज्ञ आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच्या आधी, १९८० मध्ये, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आलं. कैकाडी समाजातलं, गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव हिंडणारं घर. पालं हलली की शाळा बदलते, जातीच्या नावाने बाहेर बसावं लागतं, आणि तरी पोराला शिकवायचंच या हट्टाला पेटलेला बाप. ‘उपरा’ वाचताना एक गोष्ट खटकायला हवी. बापाचा हट्ट एवढा असूनही मुलाची शाळा दर मुक्कामाला नव्याने सुरू करावी लागत होती. उमेदीची कमतरता नव्हती, बाक टिकत नव्हता.

अशी पुस्तकं वाचून आपण फार लवकर भारावतो, ही या चर्चेतली मोठी अडचण आहे. जो शिकला त्यानेच आत्मचरित्र लिहिलं. ज्याचा बाप तेवढाच हट्टी होता पण ज्याला ऐन वेळी शिक्षक, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती भेटली नाही, त्याचं पुस्तक निघत नाही. दर निकालाच्या हंगामात वर्तमानपत्रांत ‘ऊसतोड मजुराचा मुलगा अधिकारी झाला’ अशी बातमी येते. ती खरी असते, तिचा आनंदही खरा असतो. पण एका बातमीवरून बाकीच्या पोरांना ‘जिद्द हवी’ असा उपदेश करणं म्हणजे व्यवस्थेचं काम पोराच्या माथी मारणं झालं.

साता समुद्रापार

परदेशातल्या मराठी घरांत चित्र निराळं दिसतं, पण आतली वीण ओळखीची आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. रविवारच्या मराठी शाळा, गणेशोत्सव, दर दोन वर्षांचं अधिवेशन हा सगळा खटाटोप मुलांना आपल्याशी बांधून ठेवण्यासाठी. तिथल्या मुलांवरचा दबाव मार्कांचा, नामांकित विद्यापीठाचा, आणि ‘आम्ही सगळं सोडून आलो ते कोणासाठी’ या न बोललेल्या प्रश्नाचा.

मालवण तालुक्यातल्या वराडचे अशोक वराडकर डॉक्टर होऊन इंग्लंडला आणि पुढे आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ आधी बापासारखाच डॉक्टर झाला, मग राजकारणात गेला आणि २०१७ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या अखेरीस तो वराडला आला तेव्हा गावाने त्याचं स्वागत केलं. या यशाचं मूळ ‘मराठी संस्कारां’त शोधण्याचा मोह होतो. पण बाप डॉक्टर होता, आई परिचारिका होती, हे विसरून चालणार नाही.

जेनिफर ली आणि मिन झोऊ यांचं २०१५ चं पुस्तक नेमकं याच ठिकाणी बोट ठेवतं. अमेरिकेतल्या आशियाई मुलांच्या यशाचं श्रेय त्यांच्या संस्कृतीला देण्याची पद्धत आहे. या दोघींनी दाखवलं, की चीनसारख्या देशातून अमेरिकेत पोचणारी माणसं मुळातच मायदेशातल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त शिकलेली असतात. त्यांच्याबरोबर शिकवण्या, मार्गदर्शन, ओळखीपाळखी हेही येतं. ज्या पोरांना या मापात बसता येत नाही, ती मात्र स्वतःला नापास समजून आपल्याच माणसांपासून दुरावतात. भारतीयांनाही हे जसंच्या तसं लागू आहे. न्यू जर्सीतलं मराठी घर आणि बावड्याजवळची कोपी यांत आई-बापांची तळमळ सारखी असली, तरी पोराच्या पायाखालची जमीन सारखी नाही.

आणि तरी न्यू जर्सीतल्या पोरालाही एक अस्थिरता आहेच. आई-बाप एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे. रांग हलली नाही तर मूल २१ वर्षांचं झालं की आश्रिताच्या व्हिसातून बाहेर पडतं. ज्या देशात पहिली-दुसरीपासून वाढलो, तिथेच राहण्यासाठी नवा व्हिसा शोधायचा. इकडच्या पोराचं वर्ष दिवाळीनंतर तुटतं, तिकडच्याचं एकविसाव्या वाढदिवशी.

उत्तर जुनं आहे

या सगळ्यावर तोडगा काय, याचा विचार कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा जवळपास प्रत्येक समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. कुंभोजचे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे रयत शिक्षण संस्थेतून सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारी वसतिगृहं त्यांनी उभारली. त्या काळी मूल शिकायला गाव सोडून शहरात येत होतं. आज आई-बाप गाव सोडतात आणि मूल अधांतरी राहतं. दिशा बदलली, गरज बदलली नाही: रात्री पाठ टेकायला जागा, दोन वेळचं जेवण आणि वर्षभर तोच वर्ग.

ऊसतोडीच्या मुलांसाठी आतापर्यंत तीन वाटा चोखाळल्या गेल्या. पहिली साखरशाळेची. १९९० च्या दशकात औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांवर अशा शाळा सुरू केल्या आणि पुढे सरकारनेही त्यांना हात दिला. कारखान्याजवळ तळ ठोकणाऱ्या गाडीवानांच्या मुलांना त्यांचा फायदा झाला. पण ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या फड संपला की पुढच्या गावी जातात. त्यांची पोरं कारखान्यावरच्या शाळेला कधी सापडलीच नाहीत.

दुसरी वाट शिक्षणहक्क कायद्याची. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला जवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात बसवून घेणं बंधनकारक झालं, दाखला नसला तरी. साखरशाळा मागे पडल्या. कायदा चांगला, पण नोव्हेंबरात आलेलं मूल मार्चला जाणार हे शिक्षकाला ठाऊक असतं. गावच्या शाळेलाही त्याचं नाव कमी करायचं नसतं, कारण शिक्षकांची पदं पटावर ठरतात. मूल जाईल तिथल्या शाळेत बसवून घेण्यासाठी शिक्षण हमी कार्ड आलं, तरी मूल दोन पटांच्या मध्ये हरवण्याची भीती संपली नाही. कोल्हापुरात ‘अवनि’सारख्या संस्थेला वीटभट्ट्या आणि ऊसफडांवर जाऊन मुलं शोधावी लागतात, यातच सगळं आलं.

तिसरी वाट मूल गावीच ठेवण्याची. आधी शाळेला जोडून हंगामी वसतिगृहं निघाली. मग २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ऊसतोडीच्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी प्रत्येकी शंभर जागांची ८२ वसतिगृहं. सगळी भरली तरी ८,२०० मुलं. लाखोंनी निघणाऱ्या मजुरांपुढे हा आकडा लहान आहे. पण दिशा बरोबर आहे, कारण मुलीच्या लग्नाची घाई थांबवण्याची ताकद या तिन्हींपैकी याच वाटेत आहे. पंधराव्या वर्षी तिला शिक्षणहक्क कायदा सोडून देतो, वसतिगृहाने सोडता कामा नये.

सगळं समोर मांडून पाहिलं तर निष्कर्ष सरळ आहे. गाव सोडलेल्या आई-बापांच्या मुलांना प्रेरणा शिकवावी लागत नाही, ती त्यांना घरातूनच मिळते, कधी कधी झेपणार नाही इतकी. त्या प्रेरणेचं ओझं होतं की बळ, हे ठरतं मुलाचा बाक वर्षभर एका जागी राहतो की नाही यावर. म्हणून मागण्याही नेमक्या हव्यात. जाहीर झालेली वसतिगृहं दिवाळीच्या आत, टोळ्या निघण्याआधी सुरू असली पाहिजेत. मुलींच्या जागा बारावीपर्यंत राखल्या पाहिजेत. मुकादमाशी करार होतो तेव्हाच त्या कुटुंबातल्या शाळकरी मुलांची नोंद झाली पाहिजे, आणि ती पुढे पाठवण्याची जबाबदारी कारखान्याने घेतली पाहिजे. टनाटनाचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्यांना आपल्या कार्यक्षेत्रातल्या कोप्यांमध्ये शाळेबाहेरची किती मुलं आहेत, हे मोजणं अवघड नाही. वसतिगृहांची परंपरा सांगणाऱ्या कोल्हापूरने, आणि शाहूंचं जन्मस्थान मिरवणाऱ्या कसबा बावड्याने, येत्या हंगामात ही मोजणी पहिल्यांदा करावी.